पान एकशे बारा

सीताबर्डीवर गुल्हानेंच्या दुकानात, मे महिन्यातल्या शनिवारी,
स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांमागे मला एक टेबल मिळालं,
टेबलावर माझ्या कादंबरीच्या तीस प्रती
आणि पाठीशी कूलर.
वाळ्याचा वास छान होता,
पण तुषार थेट पहिल्या पानावर.
पहिली सही फुगली, शाईचा सुरवंट झाला.
"शाईचा पेन काहून आणला मॅडम," गुल्हाने म्हणाले,
"हा घ्या डॉटपेन."
एकानं येऊन तलाठी भरतीचं पुस्तक विचारलं.
डावीकडं, वरून दुसरा कप्पा, मी बोट दाखवलं.
तासाभरात तेवढी तरी माहिती झाली होती.

ऑडिटात बत्तीस वर्षं काढली.
सही तिथं शेवटची गोष्ट.
सगळं जुळल्यावर करायची, खाली तारीख घालून,
आणि डबा उचलून घरी.
इथं सही आधी, वाचणं मागाहून,
जुळलं तर जुळलं.
हाताला हे कोण सांगणार?
रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंच्या प्रतीवर
त्यानं आपसूक लिहून टाकलं:
तपासले.
"हे काय नवीन?"
"पद्धत आहे," मी म्हणाले.

आठ प्रती गेल्या. नववी आधीच विकली गेलेली होती.
उमरेडहून एसटीनं आलेली यामिनी डोंगरवार,
तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे,
पुस्तकाचे कोपरे दुमडलेले, मधे तिकीट.
सहीचं पान तिनं उघडलंच नाही.
उघडलं ते एकशे बारा.
"मॅडम, चौऱ्याण्णव पानावर ह्या बाईचा चष्मा मोडला ना,
पायरीवर पडून?
इथं तं ते पत्र वाचून राहिली. कशी काय?"

मी मागं चाळलं, पुढं चाळलं.
दोन प्रुफं मी तपासली होती, एक बहिणीनं.
चष्मा मोडला होता. चष्मा नाकावर होता.
लोकांच्या खात्यांत मी आयुष्यभर हेच तर शोधत आले.
माझा चेहरा पाहून पोरगी घाबरली.
"नाही, पुस्तक चांगलंच आहे, मी रडली."
काय लिहावं सुचेना.
मग लिहिलं: आक्षेप मान्य.
सही. तारीख. शाईच्याच पेनानं,
आणि फुंकर मारत बसले.

त्रिमूर्तीनगरात पहाटे चारला नळ येतो.
टाकी भरेस्तोवरचा पाऊण तास, तेवढंच लिहायचं,
असं ठरवून सुरू केलं होतं;
आता टाकी भरते, वाहते, आणि शेजारचे ठवकर ओरडतात,
"ओ बाई, पाणी चाललं!"
लिहिते जुन्या लेजरांत, उरलेल्या.
लाल रेघांनी जमा आणि नावे आखलेलं,
वाक्य ती रेघ ओलांडतं तेव्हा अजून थोडं चुकल्यासारखं होतं.
काही दिवशी एकच ओळ येते.
ती दुपारी, वरणाला फोडणी देताना, आठवून पाहते
आणि तीही काटते.
रॉयल्टी आली दोन हजार एकशे चाळीस.
कूलरच्या ताट्या बदलल्या.

त्या पहाटे दुसरंच काही लिहायचं होतं.
पण ती बाई समोर येऊन बसली,
नाकावर चष्मा, धडधडीत.
कुठून आणला, मी विचारलं.
बोलेना. तिला मीच तशी केलेली.
म्हणून नीट पाहिलं:
एका काचेला तडा,
डावी काडी दोऱ्यानं आवळून बांधलेली,
दोरा हिरवा.
त्या घरात हिरवा दोरा एकाच ठिकाणी असतो,
सुनेच्या शिलाई मशीनवर,
जिच्याशी पुस्तकभर
मी तिला एक शब्द बोलू दिला नव्हता.

ठवकर ओरडत होते.
मी लिहिलं: रात्री सगळे झोपल्यावर सून उठली
आणि सुई घेऊन
मोरीतल्या बल्बखाली जाऊन उभी राहिली.