मुरड

आमच्या गावात जुलै म्हणजे डास, टरबुजं
आणि पक्षाची जत्रा.
फुटबॉलच्या मैदानामागे, बारा रात्री.
पो नदीच्या खोऱ्यातली वाफ अंगावरून उतरत नाही,
तरी लोक येतात, खुर्च्या ओढतात,
नाचाच्या फळ्यांवर म्हातारी जोडपी पाय घासतात
आणि पलीकडच्या तंबूत कुणीतरी माइकवर
देशाचं कसं होणार ते सांगत असतं.

मी गल्ल्यावर बसतो. कुपनं फाडतो.
लाल जेवणाचं, निळं वाइनचं.
भाषण फुकट.

स्वयंपाकघर नेरीनाचं.
वय एक्याऐंशी, त्यातली बावन्न वर्षं याच टेबलाशी.
तोर्तेलिनी:
चौकोनी पातीवर हरभऱ्याएवढं सारण,
त्रिकोण, मग करंगळीभोवती वळसा,
आणि टोकांना मुरड.
बोलताना ती हातांकडे बघत नाही.
हात तिच्याकडे बघतात.

वाद तर दरसाल.
पक्षाचं नाव बदललं त्या वर्षी
अर्धं स्वयंपाकघर एप्रन सोडून घरी गेलं.
ओतेल्लो आपली कढई घेऊन गेला तो गेलाच;
कढईत आता जिरेनियम फुलतात.
फ्रिजवर गॅस कंपनीचं नाव आलं त्या वर्षी
रात्री कुणीतरी काळा रंग फासला,
सकाळी कमिटीनं पुसला, रात्री पुन्हा,
असं सातव्या दिवसापर्यंत.
बिअर मात्र थंड होती.

यंदा मंत्री.
समुद्रापलीकडच्या छावण्यांच्या करारावर
ज्याची सही आहे, तोच.
बोलवू आणि जाब विचारू, कमिटी म्हणाली.
आधी बुडालेल्यांना बोलवा, तरुण पोरं म्हणाली.
पेपरात पत्रं, पत्रांना उत्तरं,
लेआर्कोच्या सलूनमधून
अर्धी दाढी करून तरातरा उठून गेलेली माणसं.
नेरीना म्हणाली, तो आला तर मी येणार नाही.
आली.
पीठ मळून झालं होतं, म्हणाली.

शिट्ट्यांत पहिली वीस मिनिटं काही ऐकू आलं नाही.
नंतर जे ऐकू आलं
ते आम्ही आधीच वाचलेलं होतं.

मग फोटोवाल्यांनी त्याला मागे आणलं, बाह्या दुमडलेल्या.
एक वळून दाखवा.
त्यानं पाती घेतली, सारण जास्त भरलं,
वळसा दिला, टोकं जुळेनात.
नेरीनानं त्याचा हात धरला.

की झटकला?

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आजीबाईंचा आशीर्वाद,
दुसऱ्यात आजीबाईंचा नकार,
फोटो एकच.
पोरांनी तिच्या मनगटाचं पोस्टर छापलं.
कमिटीला तेच मनगट
पुढच्या सालच्या पत्रकावर हवं होतं.
मैदानात दोन टेबलं लागली,
धरला म्हणणाऱ्यांचं आणि झटकला म्हणणाऱ्यांचं,
आणि मिठाची वाटी एक असल्यामुळे
कुणीतरी सारखं उठून पलीकडे जायचं.

गल्ला मोजता मोजता मी तिला विचारलं.
"पीठ सांडत होतं," म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं, हात धुताना:
"दोनदा दाखवलं. जमलं नाही त्याला.
माझ्या भावालाही जमायचं नाही.
तो बेल्जियमला गेला, खाणीत.
तिथल्या खानावळीच्या दारावर
आपल्या लोकांसाठी पाटी असायची."
पाटीवर काय होतं ते सांगितलं नाही.
मीही नाही विचारलं.

त्या रात्री सहाशे अकरा ताटं गेली.
एवढी कधीच गेली नव्हती.
भांडणानं भूक लागते,
हे कुठल्या ठरावात येत नाही.

मंत्र्यानं वळलेली ती एक
टेबलाच्या कोपऱ्यावर राहिली, तोंड उघडं.
उकळीत टाकली तर फुटणार,
आणि फेकायला कुणी धजेना.
बाराव्या रात्री खुर्च्या रचून आलो तेव्हा
मुंग्यांनी सारण नेलं होतं,
पीठ तसंच, टणक.
मी ती उचलून कुपनांच्या डब्यात ठेवली.
हिशेबात कुठे लिहायची, ठाऊक नाही.