पिशवी

भुसावळला दुर्बिणीतून काढले. सतरा खडे.
डबीत घालून दिले,
द्वारकामामीनं फैजपूरला आल्या आल्या
गल्लीभर दाखवले: तुरीएवढे, हरबऱ्याएवढे,
एक तर पार चिंचोक्यासारखा गुळगुळीत.
"एवढं पोटात घिसन मी केळीचे घड वाह्यले,"
म्हणाली, आणि हसताना टाके धरले.

पिशवीचं कुणी विचारलं नाही.
ती जळगावला गेली होती, फॉर्मालीनमध्ये.
जिन्यात कंपाउंडर म्हणाला होता,
"तपासायला पाठवू? नऊशे पडतील."
मी खिसा चाचपला.
नको, जिभेवर आलंच होतं.

बाराव्या दिवशी कागद.
शेवटून दुसरी ओळ डॉक्टरांनी
आधी बोटानं झाकली, मग बोट काढलं.
"भिंतीत होतं. खड्यांच्या आड.
सोनोग्राफीत कुठं दिसतं?
परत उघडावं लागेल. यकृताचा थोडा भागही."

परतीच्या एस.टी.त बामणोदपर्यंत
मी त्या कागदाच्या घड्या घालत राहिलो
तिकिटाएवढा होईस्तोवर.

ओट्यावर मामी डबी हलवत बसलेली,
शेजारच्या पोराला खुळखुळा.
"काय रे, काय म्हने डॉक्टर?
खडे तं सारे निंघाले ना?"

निंघाले, म्हटलं. सारे.