आत सरका

मे महिन्यातला शेवटचा मुहूर्त.
दिग्रस रोडवरचं मंगल कार्यालय, वर नुसता पत्रा,
मधे एकही खांब नाही. मालकाला त्याचाच अभिमान.
स्टेजच्या कडेला मी, माईक आणि वही घेऊन
आहेर पुकारत होतो:
तुळशीराम गावंडे, लोणबेहळ, एकशे एक.
पंचफुलाबाई कुडमेथे, सावळी, स्टीलचा गंज.

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो.
आता आवाज तेवढा उरलाय, म्हणून लोक बोलावतात.

चार वाजता हवा पडली.
काचेच्या दारातून वांग्याच्या रंगाचं आभाळ दिसलं
आणि त्याखाली धूळ,
उभी, चालत येणारी.
पंगतीतला एक म्हातारा बुंदीवरचा हात काढून म्हणाला,
"वावधन हाय."
कोणी ऐकलं नाही. डीजे चालू होता.

पहिला पत्रा वाजला तेव्हा लोक हसले.
दुसरा उचलला गेला,
आणि साडेचारशे माणसं एकदमच दाराकडे वळली,
बाहेर, जिथे निंबाची झाडं होती,
विजेची तार होती, आणि गारा.

लाईट गेली. माईक मेला.
मी ओरडलो ते कोणापर्यंत गेलं नाही,
पत्र्यावर गिट्टीचा ट्रक उलटत होता.
मग वाढप्याच्या हातातली पळी घेतली
आणि परातीवर एकदा हाणली.

एकदा म्हणजे थांबा.
हे या जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही.
अर्ध्या मिनिटासाठी गर्दी थांबली, खरंच थांबली,
एक पाय दारात, एक आत.
तेवढ्यात मी स्लॅब कुठे कुठे आहे ते मोजलं:
नवरीची खोली, कोठी, जिन्याखाली, संडासांची रांग.
आणि दोनदा वाजवली.

"काचेपासून लांब. मागं चला. आत सरका,
अजून दोन बसतात, आत सरका, लेकरं भिंतीकडे."
रहमानभाईनं सिलेंडरचे कान पिळले,
कोणीतरी मेन स्विच पाडला.
नवरी, प्रणोती, शालूसकट फरशीवर बसली
आणि तिच्या पदरात किती पोरं घुसली देव जाणे.
पोरांच्या डोक्यावर घालायला काही नव्हतं.
आहेर होता.
गंज, पातेली, एक कुकर, झाकणाशिवाय.

बारा मिनिटं. घड्याळात बघितली मी.
जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांचा वास वेगळाच असतो,
त्यात अत्तर असतं, घाम असतो, आणि हळद.
मधला मोठा पत्रा उडाला तेव्हा
खोलीतल्या सगळ्यांनी एकच श्वास घेतला.
स्टेजवरची राजा-राणीची खुर्ची
आम्ही ऐकली, जाताना.

नंतर वही उघडली.
ओली, शाई पसरलेली, पण वाचता येत होती.
गावनिहाय नावं पुकारली.
"गावंडे?" "हाव."
"कुडमेथे?" "हाव जी, हितंच हाओ."
सगळे मिळाले.
दोघांचे खांदे, एकाचं कपाळ, पण मिळाले.

तो बुंदीवाला म्हातारा मात्र वहीत नव्हता.
ना मुलीकडचा, ना मुलाकडचा.
शोधला तर कोठीत, पिठाच्या पिंपाला टेकून,
एक पोरगं मांडीवर झोपलेलं, ते कोणाचं तेही त्याला माहीत नव्हतं.
नाव विचारलं. सांगितलं नाही.
म्हणाला, "पंगत लागल का पुन्हा?"

आता आहेर पुकारायला गेलो
की माईक कुठे आहे ते नंतर विचारतो.
आधी वर बघतो.
मालक लोकांना ते आवडत नाही.

पंचफुलाबाईंच्या गंजाला
सुपारीएवढा पोचा पडलाय.
प्रणोती दूध त्यातच तापवते म्हणे.
नवऱ्यानं नवीन आणून दिला होता.