निळी प्रत

उद्यमबागेत पहिली भट्टी ओतायला घेतात
तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या गच्चीवर असते,
पाण्याच्या टाकीशेजारी,
पंपाचं झाकण उघडून.
कालचा कागद काढायचा, आजचा घालायचा.
आजचा पांढरा.
कालचा फिकट चहासारखा.

हवा दिसत नाही म्हणणाऱ्याला
मी हा चहा दाखवते.

त्यात मजगावच्या साच्यांची वाळू,
ओतीव लोखंडाची कणी, डोळ्यात गेली तरी न कळणारी,
आणि हुक्केरीकडं कुणी पाचट पेटवलं
त्याचा आंबूस धूर.
वेगवेगळ्या वाटांनी निघालेली ही मंडळी
धुक्याच्या एकाच थेंबात येऊन बसतात
आणि रात्रभर एकमेकांशी बोलत नाहीत.

मग हलग्याच्या शिवारावरून ऊन येतं.

थेंबातल्या गंजक्या कणाला
आंबटाचा एक रेणू धरून बसलेला असतो,
दोन्ही हातांनी.
ऊन त्या मिठीवर पडतं.
नुसतं पडतं. ओढत नाही, ढकलत नाही.
मिठी सुटते.
आंबट फुटून वायू होऊन जातं,
लोखंड एक इलेक्ट्रॉन खिशात घालून
किंचित हिरवट, किंचित तरुण होतं
आणि लगेच तो उधळून टाकतं.
त्या उधळपट्टीतून काहीतरी जन्मतं,
भेटेल त्याला चावणारं,
पापणी लवायच्या लाखाव्या हिश्श्यात संपणारं.
लोखंड परत गंजतं. परत कुणी हात धरतं. परत ऊन.
दुपारपर्यंत असं किती वेळा,
ते मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही.
मी वजन करते. शून्यानंतर पाच आकडे.

माझा बाप भरमाण्णा, पॅटर्नशॉपला सुतार.
लोखंडाच्या आधी व्हॉल्व्ह सागवानी असतो,
तो करणारा.
त्यांच्याकडं ड्रॉइंगची नक्कल काढायची पद्धत जुनाट होती:
कागदाला लोखंडाचं आंबट पाणी फासायचं,
अंधाऱ्या खोलीत वाळवायचं,
वर ट्रेसिंग, वर काच,
आणि फ्रेम उचलून पत्र्यावर, उन्हात.
मी सात वर्षांची, माशा हाकायला.
"हात आडवा धरू नको. ऊन काम करुलालंय."
मग बादलीत बुडवलं की
कागद निळा होत जायचा.
रेघा तेवढ्या पांढऱ्या,
जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं.
त्याच्या नखांत ते निळं असायचं.
ताट पुढं सरकवताना आई आधी नखं बघायची.

हुलकुंद मॅडमना हे सांगितलं
तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
"बिसिलु," म्हणाल्या,
मग मराठीत शोधून, "ऊन. तेच ऊन."
धुळीसाठी त्यांना शोधावं लागत नाही.
त्यांची धूळु, आमची धूळ,
शेवटच्या उकाराचं अंतर;
कागदावर तेही वेगळं काढता येत नाही.

काढलेला कागद मी लगेच
चंदेरी वर्खात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवते.
पकडला तरी उजेड दिसला की
त्याचं काम सुरूच.
एकदा मला खाली ऑफिसात बोलावलं,
सही, मग दुसरी सही, मग साहेब जेवायला गेलेले.
वर आले तेव्हा तीन वाजले होते.
कागद कठड्यावर तसाच,
उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला चिमटा.
चहा पातळ झाला होता.
चिमटा उचलला
तर त्याखाली जुनाच गडद रंग,
चिमट्याच्याच आकाराचा.

वहीत 'बाद' लिहायचं असतं. लिहिलं.
कागद टाकला नाही.
तो ट्रंकेत आहे, भरमाण्णाच्या
एका व्हॉल्व्हच्या निळ्या प्रतीवर,
मध्ये वर्तमानपत्राची घडी.

ट्रंक उघडायची झाली
तर मी आधी खिडकी लावून घेते.