ही खोली गार करायची नाही

बहल्याला खल्फान बिन नासिरच्या घरी
मी दोन एसी बघायला गेलो होतो.
एकातून पाणी गळत होतं,
दुसरा नुसताच घुरघुरत होता.
दोन्ही झाले. काहवा झाला.
मग अंगणाच्या टोकाला दिसली एक बुटकी खोली,
खिडकी नाही, दार माझ्या छातीएवढं.
सवयीनं विचारलं, इथे किती टनाचा बसवू?
म्हातारा इतका हसला की ठसका लागला त्याला.
ही तापायलाच बांधलीय, म्हणाला.

बाहेर सप्टेंबर लागला होता,
आत ऑगस्ट कोंडून ठेवलेला.
जमिनीला पन्हळी, एकीला लागून एक,
त्यांवर झापांच्या पिशव्यांत दाबून भरलेला खजूर
थेट छतापर्यंत रचलेला,
आणि सगळ्यात खालच्या पिशव्यांतून
वरच्यांच्या भारानं
काळं, चिकट, अजिबात घाई नसलेलं काहीतरी
पन्हळीत उतरत होतं,
तिथून कोपऱ्यातल्या रांजणात.
चूल नाही. सुरी नाही.
दिब्स, तो म्हणाला. बोट घाल.

बोट जिभेला लावलं
आणि केळुसला माझा बाप माडावरून उतरला,
कमरेला कोयती, पाठीला मडकं.

पहाटे एकवीस माड,
तिन्हीसांजेला परत तेच एकवीस.
पोय आवळून बांधायची,
हाडानं ठोकत राहायची, फुटू न देता,
मग टोकाची चकती काढायची,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
गुळाच्या मडक्यांना आतून चुना, म्हणजे रस आंबत नाही.
आंबलेला रस गावाचा,
न आंबलेला आईच्या चुलीवर,
कायलीभर असायचा तो वाटीभर होईपर्यंत.
मला फक्त मडकी धुवायला मिळायची.
‘माडार चडू नको,’ बाप म्हणायचा,
‘जमनीवर रवान काय ता शिक.’
मी आयटीआय शिकलो.
आता मस्कतला पाठवतात तेव्हा
सातव्या मजल्याच्या बाहेर पट्ट्याला लटकून
कॉम्प्रेसर बदलतो.
हे घरी सांगितलेलं नाही.

खल्फाननं पाच किलो फर्द बांधून दिला.
रात्रभर भिजवला, बिया काढल्या,
शाजीच्या कोऱ्या मुंडूतून पिळला
(तो अजून बोलत नाही माझ्याशी),
आणि गॅसवर ठेवून फोनवर बसलो.
पहिली खेप जळली. खोलीत अख्खा आठवडा
साखर कारखान्याच्या मागच्या दारासारखा वास.

दुसरा घाणा परातीत ओतून
गच्चीवर नेला,
जिथे आमच्या इमारतीचे नऊ आउटडोअर युनिट
रांगेत उभे राहून
नऊ खोल्यांचा उकाडा बाहेर ओकत असतात.
परात त्यांच्या तोंडापुढे ठेवली, वर मलमल.
अकरा वर्षं मी हा उकाडा
माणसांच्या घरातून बाहेर काढतोय,
तो पुढे कुठे जातो, कधी बघितलं नव्हतं.
ड्युटीवरून आलो की आधी गच्ची,
चमचा बुडवायचा, उचलायचा,
थेंब तुटतो की तार धरतो ते बघायचं.
चौथ्या संध्याकाळी धरली.

लोणच्याच्या बरणीत जेमतेम अर्धी भरली.
खल्फाननं चाखलं. दातांखाली कचकचलं.
‘रेती,’ म्हणाला,
आणि परत बोट घातलं.

रविवारी बापाला फोन केला,
आता त्याचे गुडघे गेलेत, माड दुसराच कोणी छेदतो.
सगळं सांगितलं, पन्हळी, रांजण, परात, पंखे.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला, ‘चडलंस खय?’
गच्चीर, मी म्हटलं.
जिन्यान.