भाग एकोणीस

यान फुटायचं होतं या भागात,
पण त्याआधी बजेट फुटलं.
वागळे इस्टेटमधल्या त्या बंद कॉम्प्रेसर कारखान्यात
आमच्यापाशी उरला एक बोगदा,
अंड्यांच्या ट्रेंना चंदेरी रंग मारून केलेला,
अडीच दिवस,
आणि शालनताई.

ठोसर रात्रभर लोखंडी जिन्यावर बसून होता.
सकाळी अकरा पानं दिली, पेन्सिलीने लिहिलेली.
यानात पाणी गाळणारी बाई एकटी जागी आहे.
धाकट्या भावाचा निरोप येतोय, नऊ वर्षांनी.
कोणाचा ते आधी कळतं,
मजकूर उतरायला त्रेचाळीस मिनिटं.
तोवर ती गाळणी दुरुस्त करते.
दिग्दर्शक म्हणाला, आणि?
ठोसर म्हणाला, आणि काही नाही.

माझं काम कंटिन्युइटीचं.
पेल्यात पाणी किती बोटं, बाहीला घड्या किती,
घाम कुठल्या कानशिलावर,
हे बाकीच्यांनी विसरायचं, मी लिहून ठेवायचं.

शालनताईंनी बावीस वर्षं सासवा केल्या होत्या.
डोळे वटारायचे, पदर खोचायचा, की जाहिरात.
इथे वटारायला समोर कोणी नाही.
पहिल्या टेकला त्यांनी गाळणीवरच डोळे वटारले.
आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण उशिरा.
मग दिघ्याच्या मढवीला बाजूला घेऊन विचारलं,
तू नळ दुरुस्त करताना मनात काय असतं रे?
मढवी जरा गोंधळला.
"नलाचंच असतं, बाय."
त्या बराच वेळ पाना हातात घेऊन बसल्या.
नंतरचा टेक अकरा मिनिटांचा होता.
कट म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेस,
दर नऊ सेकंदांनी थड्.
ग्लॅडविनने दोन दिवस गोधड्या लावून पाहिल्या,
तिसऱ्या दिवशी हेडफोन काढून म्हणाला,
राहू दे, हे यानाचं हृदय आहे.

आणि चूक माझी.
जेवणाआधी बाहीला एक घडी, जेवणानंतर दोन.
वहीत एकच.
मला दिसलं तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं.

शुक्रवारी साडेनऊला लागला.
दहा वाजून दोन मिनिटांनी चॅनेलच्या साहेबांचा फोन,
यान कुठाय?
खालच्या मजल्यावरून मध्येच क्रिकेटचा आवाज सुरू झाला.
सोमवारी आकडे आले,
ते कोणी मोठ्याने वाचले नाहीत.

बाबा शेवटपर्यंत बसले.
एकतीस वर्षं फिटर होते, याच रस्त्यावर, सोळा नंबरला.
म्हणाले, पाना उलटा धरलाय तिने.
मग दिवा घालवला.
बऱ्याच वेळाने अंधारातून,
भावाने काय लिहिलं असेल गं?
ते आम्ही दाखवलंच नव्हतं.
गाळणीतून पाणी येतं, ती ओंजळ धरते,
तिथेच नावं सुरू होतात.

तीन आठवड्यांनी ऐरोलीहून एक पाकीट आलं,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेलं.
रबाळ्याला बॉयलरवर रात्रपाळी करणाऱ्या कोणी बाई.
"तिची बाही मध्येच आणखी वर गेलेली आहे.
केव्हा सारली ते तुम्ही दाखवलं नाही.
म्हणजे तेव्हा ती निरोप न बघताच पुसणार होती
आणि पुसला नाही, परत कामाला लागली.
मला कळलं. मी पण एकदा"
पुढच्या दोन ओळी खोडलेल्या,
उजेडासमोर धरूनही न लागणाऱ्या.

ठोसर ते पत्र खिशात घेऊन महिनाभर फिरला.
भेटेल त्याला सांगायचा, बघ, किती बारीक लिहिलं होतं मी.
शालनताई माझ्याकडे बघून
एवढंच म्हणाल्या,
उकडत होतं गं.

विसाव्या भागात यान फुटलं. चांगलं फुटलं.
आकडे वर गेले, साहेबांनी पेढे पाठवले.
वहीत अजून एकच घडी आहे.
खाडाखोड करायला
दोनदा पेन उघडलं मी,
आणि पॉवर प्रेस मोजत बसले.