पाचवा खड्डा

लॅपलंडात आम्ही सप्टेंबरमध्येच खणून ठेवतो;
पुढं जमिनीचं लोखंड होतं, कुदळ नुसती ठणकते.
हिवाळ्यात कोण जाईल याचा अंदाज
पाळक करत नाहीत. मीच करतो,
खोकल्यांवरून,
चर्चच्या पायऱ्यांवर कोण किती थांबतं त्यावरून.

यंदा पाच.
पाचव्याला टेप लावली नाही;
बेचाळीस वर्षं शेजारी निजलेल्या माणसाची
उंची हातांना ठाऊक असते.

इर्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं,
"दगड फार लागले का रे तिथं?"
"लागले."
"मग सावकाश खण."

दीड महिना सूर्य उगवला नाही.
चार खड्डे भरले. एकात तर
अंदाजात नसलेला, विशीतला तौनो.

ईस्टरला पाळक म्हणाले, कबर रिकामी होती.
सगळे वर बघत होते. मी इर्याकडे.
ती खोकत खोकत गात होती, सूर सोडून.

मेमध्ये पाचवा बुजवला.
काढलेलीच माती, तरी कमी पडली.
इर्या काठावर बसून म्हणाली,
"राहू दे थोडा खोलगट.
पाणी साचेल, पाखरं पितील.
पुढंमागं लागेलच मला.
आणि तेव्हाही, विल्हो,
फार घट्ट नको चोपूस."